फोकस नेमका कुठे सुटतो?

नवा कॅमेरा घ्यायचा की नाही, याचं उत्तर दुकानात मिळत नाही आणि यूट्यूबवरच्या रिव्ह्यूतही मिळत नाही. ते तुमच्याच हार्ड डिस्कवर पडलेलं असतं. गेल्या काही महिन्यांत फोकसमुळे ज्या क्लिप टाकून द्याव्या लागल्या किंवा एडिट करताना मधूनच कापाव्या लागल्या, त्या सगळ्या शोधा आणि एका फोल्डरमध्ये ठेवा. मग त्या मोठ्या स्क्रीनवर, पूर्ण आकारात, गरज पडली तर एकेक फ्रेम थांबवून पाहा. हे काम कंटाळवाणं आहे, पण एका दुपारच्या कंटाळ्यात तुमचे साठ-सत्तर हजार रुपये वाचू शकतात. किंवा खरेदी टाळून आणखी एक सीझन वाया घालवणार असाल, तर तेही टळेल.

क्लिप पाहताना पहिला प्रश्न असा: हे फोकसचंच दुखणं आहे का? आपल्याकडे चित्र जरा मऊ दिसलं की सरसकट ‘फोकस गेला’ म्हणतात. प्रत्यक्षात त्याची कारणं वेगवेगळी असतात आणि ती ओळखता येतात. नवरीचा चेहरा धूसर आहे, पण मागच्या तोरणाची पानं लख्ख दिसताहेत, तर फोकस खरोखरच मागे गेला आहे. फ्रेममधलं काहीच धारदार नाही आणि सगळ्या कडा एकाच दिशेला ओढल्यासारख्या आहेत, तर कॅमेरा हलला आहे. शरीर स्पष्ट, पण हलणारा हात तेवढा फराटा ओढल्यासारखा दिसतो, तर तो शटरचा परिणाम आहे. २५ फ्रेमला १/५० शटर ठेवलं की हलत्या वस्तूला थोडी धूसरता येणारच, आणि ती डोळ्याला बरीही वाटते. सगळं चित्र मेणासारखं गुळगुळीत वाटत असेल, तर उजेड कमी पडला, आयएसओ फार वर गेला आणि नॉइज काढताना कॅमेऱ्याने बारकावेही पुसले. यातल्या फक्त पहिल्या प्रकारावर चांगल्या ऑटोफोकसचा उपाय चालतो. बाकीच्यांना लाइट, ट्रायपॉड किंवा शटर लागतं, आणि त्यांचा खर्च बॉडीपेक्षा कितीतरी कमी आहे.

आता पहिल्या प्रकारच्या क्लिप बाजूला काढा. त्यांतही एक खूण बघा. फोकस चुकीच्या जागी जाऊन बसला आहे, की जागा शोधत पुढेमागे झुलतो आहे? चुकीच्या जागी बसत असेल, तर बहुतेक वेळा सेटिंगचा दोष असतो. स्थिर माणसावरसुद्धा चित्र श्वास घेतल्यासारखं आत-बाहेर होत असेल, तर शंका कॅमेऱ्याच्या मूळ पद्धतीवर घ्यायला हवी. तंत्र थोडं समजून घ्यावं लागतं ते इथे.

व्हिडिओत फोकस करण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. कॉन्ट्रास्ट डिटेक्शनमध्ये कॅमेरा लेन्स सरकवतो आणि कडा किती ठळक झाल्या ते मोजतो. कडा सर्वांत ठळक कुठे आहेत हे कळायला त्याला त्या जागेच्या पुढे जावं लागतं. ठळकपणा उतरू लागला की तो परत मागे येतो. तंबोरा जुळवताना खुंटी सुराच्या जराशी पुढे नेऊन मागे आणतात, तसंच हे. फोटो काढताना ही धडपड कोणाला दिसत नाही, कारण ती शटरच्या आधी संपते. व्हिडिओत मात्र ती सगळी रेकॉर्ड होते. आपले शूट करणारे ज्याला ‘हंटिंग’ म्हणतात ते हेच. दुसरी पद्धत फेज डिटेक्शनची. लेन्सच्या दोन बाजूंनी येणाऱ्या प्रकाशाची तुलना करून कॅमेऱ्याला कळतं की फोकस कुठल्या दिशेला आणि साधारण किती चुकला आहे. त्यामुळे लेन्स थेट त्या जागी जाते, चाचपडत नाही.

अनेकांची फसगत होते ती आरशामुळे. डीएसएलआरमध्ये फोटोसाठीचं फेज डिटेक्शन आरशाच्या खाली बसवलेल्या वेगळ्या सेन्सरवर चालतं. व्हिडिओ सुरू केला की आरसा वर जातो आणि तो सेन्सर आंधळा होतो. निकॉन डी७५० चे ५१ पॉइंट किंवा कॅनन ५डी मार्क ३ चे ६१ पॉइंट फोटोसाठी नावाजलेले आहेत, पण व्हिडिओत त्यांचा काडीचा उपयोग नाही. डी७५० व्हिडिओत कॉन्ट्रास्टवर येतो. ५डी मार्क ३ मध्ये रेकॉर्डिंग चालू असताना आपोआप सतत फोकस धरून ठेवण्याची सोयच नाही. ‘माझा कॅमेरा फोटोला इतका पटकन फोकस करतो, मग व्हिडिओला काय धाड भरली?’ या तक्रारीचं उत्तर हे आहे. कॅमेरा बिघडलेला नाही, तुमचंही काही चुकत नाही. त्या बॉडीत दोन निराळ्या यंत्रणा आहेत आणि व्हिडिओच्या वाट्याला दुबळी आली आहे.

हे चित्र बदललं २०१३ मध्ये. कॅननने ७०डी मध्ये ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस आणला. मुख्य सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल दोन भागांत विभागलेला, त्यामुळे आरसा वर असतानाही सेन्सरवरच फेज डिटेक्शन. नंतर ८०डी, ७७डी, ८००डी, २००डी, ५डी मार्क ४ या सगळ्यांत ते आलं. १५००डी आणि ३०००डी यांत मात्र नाही, आणि आपल्याकडे पहिला कॅमेरा म्हणून हेच दोन भरपूर विकले गेले. सोनीच्या ए६३०० मध्ये २०१६ साली सेन्सरवर ४२५ फेज पॉइंट होते. २०१९ च्या ए६४०० पासून माणूस धरून ठेवण्याची क्षमता फारच सुधारली. निकॉनच्या २०१८ च्या झेड६ आणि झेड७ मध्येही सेन्सरवरचं फेज डिटेक्शन होतं. पॅनासॉनिक मात्र बराच काळ कॉन्ट्रास्टवर अडून राहिली. २०१७ चा जीएच५ अनेक शॉर्ट फिल्मवाल्यांचा लाडका आहे, त्याचा व्हिडिओ अजूनही देखणा वाटतो, पण चालत्या माणसावर त्याचा ऑटोफोकस विश्वासाचा नाही. पॅनासॉनिकच्या लुमिक्स कॅमेऱ्यांत फेज डिटेक्शन आलं ते २०२३ च्या एस५ मार्क २ मध्ये.

माझं मत स्पष्ट आहे. कॉन्ट्रास्टवरून सेन्सरवरच्या फेज डिटेक्शनवर जाणं, हा एकच खरा मोठा टप्पा आहे. तो ओलांडला की काम करण्याची रीतच बदलते. त्यानंतरची प्रत्येक पिढी आधीपेक्षा थोडी बरी असते: डोळा लवकर सापडतो, पाठमोरा झालेला माणूस सुटत नाही, पक्षी-प्राणी ओळखले जातात. ही सुधारणा खरी आहे, पण तिच्यासाठी कर्ज काढण्याइतकी बहुतेकांची गरज नसते. म्हणून आपली बॉडी या टप्प्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे आधी पक्कं करा.

आणि ‘पलीकडे’ असेल तरी एक खाच तपासा. कॅननच्या २००डी मार्क २ मध्ये आणि एम५० मध्ये ड्युअल पिक्सेल आहे, पण ४के निवडलं की तो बंद पडतो आणि कॅमेरा कॉन्ट्रास्टवर जातो. वर चित्रही क्रॉप होतं. हे दोन कॅमेरे आपल्याकडे व्लॉगिंगसाठी अतोनात खपले. त्यांच्या मालकांपैकी ज्यांना ‘ऑटोफोकस भिकार आहे’ असं वाटतं, त्यांनी एकदा फुल एचडीवर शूट करून पाहावं. तोच कॅमेरा अगदी शहाण्यासारखा वागतो. तुमचा प्रेक्षक मोबाइलवर पाहतो, तर फुल एचडी त्याला पुरेसं आहे. असंच स्लो मोशनचं: काही कॅमेऱ्यांत जास्त फ्रेम रेट निवडला की रेकॉर्डिंगमध्ये फोकस जिथल्या तिथे थांबतो. मॅन्युअलमध्ये हे छापलेलं असतं, तेवढं पान वाचा. फर्मवेअरही बघा. फुजीफिल्मने २०२० मध्ये एक्स-टी३ ला दिलेल्या फर्मवेअरने त्याचा ऑटोफोकस थेट एक्स-टी४ च्या जोडीला नेऊन बसवला होता, आणि तोही फुकटात. ज्यांनी ते टाकलंच नाही, ते अजून जुन्याच कॅमेऱ्यावर आहेत.

बॉडीनंतर लेन्स. फोकस कुठे करायचा हे बॉडी ठरवते, पण काच हलवण्याचं काम लेन्सच्या मोटरचं. कॅननची जुनी ५० एमएम एफ/१.८ मार्क २ ही १९९० ची रचना आहे. तिची मोटर घरघरते, धक्के देत सरकते आणि कॅमेऱ्याच्या माइकमध्ये तिचा आवाज येतो. २०१५ मध्ये आलेली एसटीएम आवृत्ती व्हिडिओसाठी कितीतरी सरळ आहे. चांगल्या बॉडीवर जुनी लेन्स लावून बॉडीला शिव्या देणारे पुष्कळ भेटतात. निकॉनवाल्यांनी आणखी सावध राहायला हवं: ज्या जुन्या एएफ-डी लेन्स बॉडीतल्या मोटरवर चालतात, त्या एफटीझेड अ‍ॅडॅप्टरने झेड कॅमेऱ्यावर लागतात, पण त्यांचा ऑटोफोकस चालत नाही. म्हणजे बॉडी बदलली की लेन्सचाही खर्च आला. कॅननच्या ईएफ लेन्स अ‍ॅडॅप्टर लावून आर मालिकेवर चांगल्या चालतात, त्यामुळे तिथे स्थलांतर स्वस्तात होतं. बजेट मांडताना बॉडीची किंमत एकटी लिहू नका. अ‍ॅडॅप्टर, दोन जादा बॅटऱ्या, वेगवान कार्ड आणि जड फाइल झेपणारा कॉम्प्युटर, हे सगळं त्याच कागदावर आलं पाहिजे.

अ‍ॅपर्चरबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण ‘सिनेमॅटिक’ या शब्दाने आपल्याकडे फोकसचं सर्वांत मोठं नुकसान केलं आहे. एपीएस-सी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० एमएम लेन्स, एफ/१.८, माणूस दोन मीटरवर. अशा वेळी स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ११ सेंटिमीटरचा असतो. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण तेवढंच अंतर. माणूस बोलता बोलता पुढे झुकला की तो पट्ट्याबाहेर गेला. फुल फ्रेमवर ८५ एमएम एफ/१.८ लावून त्याच अंतरावर उभे राहिलात तर पट्टा सहा सेंटिमीटरवर येतो. इतक्या अरुंद जागेत नव्यातला नवा कॅमेराही कधी पापणीवर, कधी नथीवर जाणार. तीच ५० एमएम एफ/४ ला बंद केली तर पट्टा २४ सेंटिमीटर होतो आणि निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. उजेड कमी पडेल, हे खरं. त्यासाठी एक एलईडी पॅनल घ्या. पार्श्वभूमी धूसर हवी असेल तर माणसाला भिंतीपासून दूर उभं करा. तुमच्या वाया गेलेल्या क्लिपांपैकी किती एफ/२ च्या खाली घेतल्या होत्या, ते अंदाजाने तरी आठवा. फोल्डरमधल्या बहुसंख्य त्याच असतील, तर बॉडीचा विचार तूर्त बाजूला ठेवा.

ऑटोफोकसची खरी परीक्षा पाहायची असेल तर मराठी लग्नासारखी जागा नाही. मंगलाष्टकं चालू असताना वधू-वरांच्या मध्ये अंतरपाट असतो. ठळक कुंकवाचं स्वस्तिक, सपाट पांढरं कापड. कॅमेऱ्याला याहून आवडीचं लक्ष्य कुठलं? तो कापडावर जाऊन बसतो. शेवटचं ‘सावधान’ झालं, अंतरपाट सरला, की चेहऱ्यावर यायला त्याला वेळ लागतो, आणि नेमका तोच क्षण पुन्हा येत नाही. वर चहूबाजूंनी अक्षता उडत असतात, हार उंचावतात, कोणी काका मोबाइल घेऊन मध्ये घुसतात. मुंडावळ्यांच्या मोत्यांच्या सरी चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंनी लोंबतात आणि डोळा शोधणारी यंत्रणा कधी कधी त्या मोत्यांनाच धरते.

यातलं बरंचसं सेटिंगने सावरतं. शेवटच्या मंगलाष्टकाआधी तुमच्या जागेवरून ज्याचा चेहरा दिसतो त्याच्यावर फोकस करा आणि लॉक करून टाका. त्या दोन मिनिटांत दोघंही पाटावरून हलत नाहीत. हार घालून झाले की लॉक सोडा. अक्षता आणि मध्ये येणारी माणसं यांसाठी मेनूत एक सोय असते: विषय किती चटकन बदलायचा, याची. सोनीत ती सब्जेक्ट शिफ्ट सेन्सिटिव्हिटी या नावाने आहे, कॅननमध्ये ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी. ती खाली आणली की कॅमेरा मधल्या अडथळ्याकडे दुर्लक्ष करून मूळ माणसाला धरून राहतो. दुसरं सेटिंग फोकस सरकण्याच्या वेगाचं. मिरवणुकीत तो वाढवा, विधींच्या वेळी मध्यम ठेवा. आणि पूर्ण फ्रेमभर फोकस पॉइंट पसरून ठेवण्याची सवय सोडा. चेहरा ओळख चालू ठेवून पॉइंटचा भाग लहान करा किंवा स्क्रीनवर बोट ठेवून माणूस निवडा. होमाच्या धुरात आणि गुलालाच्या ढगात मात्र कुठल्याच कॅमेऱ्यावर फार भरवसा ठेवू नये. तिथे वाइड लेन्स आणि एफ/५.६ हाच आधार.

सेटिंग झाली, अ‍ॅपर्चर बंद केलं, लेन्स बरी आहे, तरी फोकस सुटतो? मग घरीच एक चाचणी घ्या. जमिनीवर मीटर-मीटरवर चिकटपट्टी लावा, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा आणि घरातल्या कोणाला तरी चार मीटरवरून एक मीटरपर्यंत नेहमीच्या चालीने चालत यायला सांगा. आधी दिवसाच्या उजेडात, मग रात्री एका ट्यूबलाइटवर. आधी एफ/१.८, मग एफ/४. त्यानंतर त्यांना खुर्चीत बसवून मसाल्याचं पाकीट लेन्ससमोर धरायला आणि खाली घ्यायला सांगा. क्लिप फ्रेम फ्रेम पाहा. दिवसा एफ/४ वरसुद्धा चालत येणाऱ्या माणसाचे डोळे धूसर येत असतील किंवा पाकीट खाली गेल्यावर चेहऱ्यावर परतताना चित्र झुलत असेल, तर तुमच्या बॉडीची मर्यादा आली. फक्त रात्री बिघडत असेल, तर पैसा लाइटवर लावा.

या चाचणीनंतर काही जणांना मी ठामपणे ‘घेऊ नका’ म्हणेन. शिकवणीचे व्हिडिओ करणारे शिक्षक, एका जागी बसून मुलाखत घेणारे, ट्रायपॉडवरून कीर्तन किंवा एकांकिका रेकॉर्ड करणारे. खुर्चीची जागा ठरलेली असते, अंतर ठरलेलं असतं. फोकस एकदा हाताने लावा, एफ/५.६ ठेवा आणि लेन्सवरचं बटण एमएफवर टाका. फोकस हलणारच नाही. नाटकाच्या अंधारात तर हाताने लावलेला फोकस महागड्या कॅमेऱ्याच्या ऑटोफोकसपेक्षा जास्त भरवशाचा असतो. ज्यांच्या टीममध्ये फोकसची रिंग सांभाळणारा सरावाचा माणूस आहे, त्यांनीही घाई करू नये.

आणि काही जणांनी कॅमेरा खरंच बदलावा, आणि उगाच अपराधी वाटून घेऊ नये. तुम्ही एकटे शूट करता, गिंबलवर चालता, समोरचा माणूसही चालतो आणि हातात कॉन्ट्रास्टवाली बॉडी आहे: इथे कौशल्याने भागत नाही, कारण गिंबल धरलेल्या हातांना रिंग फिरवायला तिसरा हात नाही. स्वतःच स्वतःला शूट करणाऱ्या पाककृतीवाल्या ताईंचंही तेच. ओट्याशी उभं राहून कढई दाखवायची, पुन्हा चेहऱ्यावर यायचं, आणि स्क्रीनकडे पाहायला मागे कोणी नाही. यांच्यासाठी सोनीने झेडव्ही-१ मध्ये २०२० साली एक खास सोय दिली: वस्तू पुढे धरली की फोकस चेहरा सोडून वस्तूवर येतो, खाली घेतली की परत चेहऱ्यावर. नंतरच्या झेडव्ही-ई१० मध्येही ती आहे. कबड्डी, शाळेची स्पर्धा, धावणारी मुलं शूट करणाऱ्यांनाही फेज डिटेक्शनशिवाय पर्याय नाही. लग्नाच्या ऑर्डर घेणाऱ्यांनी हिशोब असा मांडावा: फोकसमुळे पार्टीने किती वेळा नाराजी दाखवली, एडिटरने चांगले शॉट शोधण्यात किती जादा दिवस घालवले आणि सिनेमॅटिकचं किती काम हातचं गेलं. तो आकडा वर्षभरात नव्या बॉडीच्या किमतीच्या आसपास येत असेल, तर बदल टाळणंच महागात पडतं आहे.

घ्यायचं ठरलं तरी थेट विकत घेऊ नका. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, कोल्हापूर अशा शहरांत कॅमेरे दिवसाच्या भाड्याने मिळतात. मनातला कॅमेरा एका खऱ्या कामाला, पण दुय्यम बॉडी म्हणून न्या. जुना आणि नवा शेजारी शेजारी ठेवून तोच विधी दोघांवर घ्या, शक्यतो तुमच्याच लेन्सने. विदर्भ-मराठवाड्यात काम असेल तर भर उन्हाळ्यातली दुपार निवडा. चाळीस अंशांच्या वरच्या उन्हात काही मिररलेस कॅमेरे ४के करताना तापून बंद पडतात, आणि ऑटोफोकस कितीही उत्तम असला तरी बंद पडलेला कॅमेरा शूट करत नाही.

सर्वांत नवं मॉडेल घेण्याची गरज नाही, हे वर आलंच. टप्प्याच्या अलीकडे असलेल्यांना वापरलेला ए६४०० किंवा ८०डी सुद्धा नव्या जगात नेऊन सोडतो. जुना घेताना स्वतःचं कार्ड आणि लेन्स घेऊन जा, विकणाऱ्यासमोरच दहा मिनिटं सलग व्हिडिओ काढा आणि चालत येणाऱ्या माणसाची तीच चाचणी तिथेही घ्या. स्क्रीनवर बोटाने फोकस सगळ्या कोपऱ्यांत घेतला जातो का, माइक आणि एचडीएमआयची भोकं सैल झाली आहेत का, हे पाहा. बिल मागा आणि त्यावरचा सिरियल नंबर बॉडीखालच्या नंबराशी जुळवा.

लग्नाचं काम करणाऱ्यांनी खरेदीची वेळही सांभाळावी. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की नव्या कॅमेऱ्याचा मेनू शिकायला उसंत नसते. आषाढी ते कार्तिकी या चार महिन्यांत काम कमी असतं, तेव्हा कॅमेरा घरी आलेला बरा. गणपतीच्या मिरवणुकीत, नवरात्रात, घरच्या बारशात तो हाताला बसवून घ्या. जुनी बॉडी लगेच विकू नका. ट्रायपॉडवर, हाताने लावलेल्या फोकसवर, स्टेजचा वाइड शॉट घ्यायला ती अजून कित्येक वर्षं चालेल.